शतकाला सात धावा हव्या असताना मी डाव घोषित केला. माझे चुकले का?

क्रीडाशिक्षक, यवतमाळ जिल्हा

मी तालुक्याच्या गावी एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि शाळा सुटल्यावर परिसरातील सोळा वर्षांखालील मुलांच्या क्रिकेट संघाला प्रशिक्षण देतो. गेल्या महिन्यात घडलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही, म्हणून ती येथील जाणकारांपुढे ठेवत आहे.

सामना दोन दिवसांचा होता आणि मॅटिंगच्या खेळपट्टीवर होता. पुढच्या फेरीत जाण्यासाठी किमान पहिल्या डावात आघाडी मिळवणे आवश्यक होते. आम्ही प्रथम फलंदाजी केली. पहिल्या दिवसाची चौदा षटके शिल्लक होती, तेव्हा आमच्या ६ बाद २६८ धावा झाल्या होत्या आणि आमचा एक मुलगा ९३ धावांवर नाबाद खेळत होता. डिसेंबरचा शेवट असल्याने साडेचारनंतर ऊन तिरपे होते, दिवसभर क्षेत्ररक्षण करून समोरची मुले थकलेली होती, आणि अशा वेळी त्यांच्या सलामीच्या जोडीला बारा षटके तरी खेळायला लावावीत, असा माझा सकाळपासूनचा विचार होता. त्यातच हा मुलगा नव्वदीत शिरल्यावर अगदी जखडून गेला. शेवटच्या अकरा चेंडूंत त्याने दोनच धावा काढल्या, आणि त्याला स्ट्राइक मिळावी म्हणून नसलेली धाव घेण्याच्या नादात दुसऱ्या टोकाचा मुलगा धावबाद झाला. तो बाद होऊन परत येत असतानाच मी सीमारेषेवरून हात करून दोघांनाही आत बोलावले, म्हणजे डाव तेथेच थांबवून घोषित केला.

डावपेच म्हणून पाहिले तर निर्णय फळाला आला. त्या संध्याकाळी आम्ही दोन गडी बाद केले, दुसऱ्या दिवशी त्यांचा डाव १९७ धावांत संपला आणि ७१ धावांच्या आघाडीवर आम्ही पुढच्या फेरीत गेलो.

परंतु त्या दिवशी मुलाचे वडील मैदानावर आलेले होते, हे मला नंतर कळले. ते मजुरी करतात. कापसाच्या शेवटच्या वेचणीचे दिवस होते आणि एका दिवसाचा रोज बुडवून ते लिंबाच्या झाडाखाली बसून खेळ पाहत होते. मुलाने आत येऊन पॅड काढले, क्षेत्ररक्षण केले, दुसऱ्या दिवशीही पूर्ण सामना खेळला, एका शब्दाने तक्रार केली नाही, आणि त्यानंतर आजतागायत तो सरावाला आलेला नाही.

माझा प्रश्न असा आहे की, संघाचे हित आणि खेळाडूचा वैयक्तिक टप्पा यांत निवड करण्याची वेळ आली, तर प्रशिक्षकाने त्या टप्प्याला किती मान द्यावा? मोठ्या सामन्यांत काय करतात ते मी वाचलेले आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या बाबतीतही तोच न्याय लावावा का, हे मला समजत नाही.

निवृत्त पंच, अमरावती जिल्हा

सर, आपण प्रश्न प्रामाणिकपणे मांडला आहे, म्हणून मीही स्पष्ट लिहितो. आधी हिशेब पाहू. चौदा षटके शिल्लक होती आणि आपल्याला बारा टाकायची होती, म्हणजे त्या मुलाला देण्याजोगे एखादे षटक आपल्याकडे होते. ‘हे शेवटचे षटक आहे, यात काय करायचे ते कर’ एवढा निरोप बाराव्या खेळाडूच्या हाती पाठवला असता, तर तो जखडलेला मुलगा एक तर मोकळा होऊन खेळला असता किंवा बाद झाला असता. दोन्हींपैकी काहीही झाले असते तरी आपला डावपेच जागेवरच राहिला असता.

या विषयावर चर्चा निघाली की सर्वांना मुलतान आठवते. २९ मार्च २००४ रोजी, पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीच्या दुसऱ्या दिवशी, सौरव गांगुलीच्या गैरहजेरीत कर्णधारपद सांभाळणाऱ्या राहुल द्रविडने ५ बाद ६७५ धावांवर डाव घोषित केला, तेव्हा सचिन तेंडुलकर १९४ धावांवर नाबाद होता. त्याआधी सेहवागने ३०९ धावा करून भारताचे पहिले त्रिशतक झळकावले होते. भारताने तो सामना एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला. द्रविडचे समर्थक या विजयाकडे बोट दाखवतात. मला मात्र तो पुरावा पुरेसा वाटत नाही, कारण सामना पाचव्या दिवशी सकाळी संपला आणि त्या दिवसाचा जवळजवळ सगळा खेळ शिल्लक होता. आणखी दोन षटके दिली असती तरी निकाल बदलला नसता. आपल्याला निराशा वाटली, हे सचिनने त्याच संध्याकाळी पत्रकारांसमोर सांगितले. मी हा प्रसंग अनेक वेळा मनात उलटसुलट करून पाहिला आहे आणि माझे मत असे झाले आहे की, डाव घोषित करणे चुकीचे नव्हते. मैदानात उभ्या असलेल्या फलंदाजाला नेमका कोणता चेंडू आपला शेवटचा, हे ठाऊक नसणे, हे चुकीचे होते.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही त्याच दिवसांतले आहे. मुलताननंतर दोन आठवड्यांच्या आत ब्रायन लाराने अँटिग्वा येथे इंग्लंडविरुद्ध नाबाद ४०० धावा केल्या. वेस्ट इंडिजने ५ बाद ७५१ वर डाव घोषित केला आणि सामना अनिर्णित राहिला. लारा स्वतःच कर्णधार होता आणि विक्रमासाठी त्याने डाव लांबवला, अशी टीका त्याच्यावर झाली. वेस्ट इंडिज मालिकेतील आधीचे तिन्ही सामने हरलेले होते, हे लक्षात घेतले तर त्या टीकेला काही धार उरते असे मला वाटत नाही, परंतु पाचव्या दिवशी इंग्लंडचे पाच गडी शिल्लक राहिले, हेही खरे आहे.

आणखी एक गोष्ट विचारायची राहिली. क्रिकेटच्या नियमांप्रमाणे डाव घोषित करण्याचा अधिकार कर्णधाराचा असतो. आपल्याकडे गावोगावच्या मैदानांवर तो अधिकार सीमारेषेवर उभ्या असलेल्या सरांच्या हातात गेलेला आहे, आणि पंच म्हणून मीही त्याकडे कायम काणाडोळा केला. आपण आपल्या कर्णधाराला विचारले होते का?

एका खेळाडूचे वडील, वाशीम जिल्हा

सर्वांना नमस्कार. पंचसाहेबांनी हिशेब बरोबर मांडला आहे, परंतु मोठ्या खेळाडूंची उदाहरणे आमच्या मुलांना लावताना एक गोष्ट सुटते, ती मला सांगायची आहे. मुलतानला १९४ वर थांबावे लागलेल्या सचिनच्या नावावर त्याआधीही कसोटी द्विशतके होती आणि पुढच्या डावाची त्याला शाश्वती होती. आमच्या मुलांना ती नसते.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. आमच्या भागात वर्षभर क्रिकेट चालते, पण ते टेनिसच्या चेंडूवर, आठ-दहा षटकांचे आणि सुगीनंतर रिकाम्या झालेल्या वावरात किंवा गावाबाहेरच्या पडीक जागेवर चालते. लेदर चेंडूवरचे, पंच आणि गुणलेखक असलेले सामने त्याला वर्षातून पाच किंवा सहा मिळतात, आणि त्यांपैकी दोनदा तर फलंदाजीच मिळत नाही. मोठ्या शहरातील मुलगा नव्वदीत बाद झाला तर पुढच्या रविवारी पुन्हा खेळतो. आमच्या मुलाला पुढची संधी येईपर्यंत वयोगटच संपलेला असतो.

शिवाय आकड्याला खरोखरच किंमत असते. मागच्या वर्षी मुलाने एका निवड चाचणीचा अर्ज भरला, त्यात सर्वोच्च धावसंख्येचा रकाना होता. तेथे त्याने ८८ लिहिले. नेटमध्ये दहा चेंडू खेळायला मिळतात आणि बघणाऱ्यांसमोर शेकडो मुले असतात. त्या गर्दीत तीन आकडी संख्येकडे नजर थांबते, दोन आकडीकडे थांबत नाही. जिल्हा पानावर ‘शतकी खेळी’ असा मथळा येतो, ९३ धावा बातमीच्या तिसऱ्या ओळीत जातात. हे योग्य आहे असे मी म्हणत नाही, पण आहे ते असे आहे, आणि ते प्रशिक्षकाला माहीत असले पाहिजे.

आमच्याकडची मुले वरपर्यंत जातात, हे खापरखेड्याजवळच्या वलनी या कोळसा खाणीच्या वसाहतीतून निघालेल्या उमेश यादवने दाखवून दिले आहे. तेव्हापासून प्रत्येक गावात एक तरी बाप आपल्या मुलाकडे त्या नजरेने पाहतो. त्या दिवशी लिंबाखाली बसलेले ते गृहस्थही असेच पाहत असतील. माझ्या मते आपण दोन षटके द्यायला हवी होती, आणि त्या दोन षटकांमुळे एखादा गडी कमी मिळाला असता, तरी चालण्यासारखे होते.

कबड्डी प्रशिक्षक, भंडारा जिल्हा

मी मुलींच्या कबड्डी संघाला शिकवते. वरील दादांचे म्हणणे मला पोचले, तरीही मी दुसऱ्या बाजूने लिहिणार आहे, कारण मी या गोष्टीची किंमत एकदा मोजली आहे.

क्रिकेटमध्ये फलंदाज शंभरासाठी खेळला तर फार तर वेळ जातो. कबड्डीत तसे नसते. एखाद्या मुलीने चढाईत दहा गुण केले की ‘सुपर टेन’ झाले असे म्हणतात. हा शब्द प्रो कबड्डीमुळे आला आणि आता आमच्या खेड्यातल्या मुलींच्याही तोंडी बसला आहे. आमच्या एका सामन्यात शेवटचे दीड मिनिट राहिले असताना आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. माझ्या चढाईपटूचे नऊ गुण झाले होते आणि समोर तीनच मुली उरल्या होत्या. अशा वेळी करायचे एवढेच असते की, निदान रेषा ओलांडायची, तीस सेकंद खेळवायचे आणि कोणाच्याही हाती न लागता परत यायचे. रिकामी चढाई हीच तेव्हा सर्वांत मोलाची चढाई असते. बोनस रेषा ओलांडून मिळणाऱ्या जादा गुणाचा प्रश्नच नव्हता, कारण त्यासाठी समोर किमान सहा खेळाडू लागतात. म्हणजे दहावा गुण हवा असेल तर अंगाला स्पर्शच करावा लागणार होता.

ती कोपऱ्यातल्या मुलीवर पाय टाकायला गेली आणि घोट्यात पकडली गेली. समोर तीन किंवा त्याहून कमी खेळाडू असताना चढाईपटूची पकड झाली तर तिला ‘सुपर टॅकल’ म्हणतात आणि तिचे दोन गुण मिळतात. आमची आघाडी एका गुणावर आली, आमची सर्वांत चांगली मुलगी बाहेर बसली, आणि पुढच्याच चढाईत त्यांनी दोन गुण घेतले. आम्ही एका गुणाने हरलो.

सर्वांनी त्या मुलीला दोष दिला. मी दिला नाही, आणि त्याचे कारण येथे पहिल्यांदाच लिहीत आहे. मध्यंतरात पाणी देताना तिच्या पाठीवर थाप मारून ‘आणखी चार, की तुझे दहा झाले’ असे मीच म्हटले होते. तो आकडा तिच्या डोक्यात माझ्यामुळे आला होता. त्या दिवसापासून सामना चालू असताना मी कोणत्याही मुलीला तिचे गुण सांगत नाही. गुणपत्रक सामना संपल्यावर दाखवते आणि तेव्हा मनापासून कौतुक करते.

म्हणून, सर, आपल्याला एक विचारते. तो मुलगा ९१ वर गेल्यावर जखडला असे आपण लिहिले आहे. आपल्या सीमारेषेवरून त्याला ‘नऊ राहिले, आठ राहिले’ असे कोणी ओरडून सांगत होते का? गावच्या मैदानावर हे नेहमी होते. ज्या आकड्यासाठी आपणच त्याला चढवतो, त्याच आकड्यासाठी तो अडून बसला म्हणून आपणच त्याला आत बोलावणे, हे मुलाला फसवणूक वाटू शकते.

आणि वाशीमच्या दादांना एक सांगावेसे वाटते. आपल्या राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. सांघिक खेळात त्यासाठीचे प्रमाणपत्र संघाला स्पर्धेत मिळालेल्या क्रमांकावर मिळते, एकीने किती गुण केले यावर नाही. माझ्या संघातील जी मुलगी दिवसभर फक्त साखळी धरून पकड करते आणि जिचे नाव कधीच छापून येत नाही, तिचेही भवितव्य त्या एका गुणावर अवलंबून असते. शतकाजवळ आलेल्या मुलाचे वडील लिंबाखाली होते, तसे त्या धावबाद झालेल्या मुलाचेही वडील कुठेतरी असतील.

निवृत्त पंच, अमरावती जिल्हा

ताईंचा शेवटचा मुद्दा मी मान्य करतो. त्या धावबाद मुलाचा विचार आमच्यापैकी कोणीही केला नव्हता.

तरीही टप्प्याला मान देणे म्हणजे नेहमी संघाचे नुकसान करणे, असे होऊ नये, म्हणून एक आठवण करून देतो. ७ फेब्रुवारी १९९९ रोजी फिरोजशाह कोटलावर अनिल कुंबळेचे नऊ गडी झाल्यावर जवागल श्रीनाथने पुढच्या षटकात मुद्दाम यष्टीपासून दूर चेंडू टाकले आणि दहावा गडी कुंबळेसाठी राखून ठेवला. भारत दोनशेहून अधिक धावांनी पुढे होता, त्यामुळे त्या षटकाची किंमत जवळपास शून्य होती. हेच श्रीनाथने दहा धावा शिल्लक असताना केले असते, तर आज आपण त्याला दोष दिला असता. १९ ऑक्टोबर २०२३ ला पुण्यात बांगलादेशविरुद्ध के. एल. राहुलने एकेरी धावा नाकारून विराट कोहलीला शतक पूर्ण करू दिले, तेव्हाही विजय हातात होता आणि आठ षटकांहून अधिक खेळ शिल्लक होता.

उलट, पुण्यातच डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ या तेव्हाच्या विश्वविक्रमाला ओलांडायला त्यांना दहा धावा हव्या होत्या, आणि तेव्हा समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. निंबाळकरांना त्यानंतर एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. हा प्रसंग मला आजही अस्वस्थ करतो, कारण येथे निर्णय स्वतःच्या संघाचाही नव्हता.

एका खेळाडूचे वडील, वाशीम जिल्हा

ताईंनी लिहिलेले रात्री घरी मोठ्याने वाचून दाखवले. मुलगा म्हणाला की, साखळी धरणाऱ्या मुलीबद्दलचे ताईंचे म्हणणे बरोबर आहे, पण सरांनी आधी सांगायला पाहिजे होते. माझे ‘दोन षटके’ हे म्हणणे मी मागे घेत नाही, मात्र ‘एखादा गडी कमी मिळाला तरी चालेल’ हे वाक्य मी मागे घेतो. ते दुसऱ्याच्या मुलांच्या जिवावर लिहिलेले होते.

क्रीडाशिक्षक, यवतमाळ जिल्हा

उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण मध्यंतरी मी त्या मुलाच्या घरी जाऊन आलो.

आधी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देतो. कर्णधाराला मी विचारले नव्हते. तो त्या वेळी पॅव्हेलियन म्हणून उभारलेल्या मंडपात माझ्या शेजारीच बसला होता आणि मी हात केला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले, हे आता आठवते. आणि होय, ‘नऊ राहिले’ अशा आरोळ्या चालू होत्या. त्या मी थांबवल्या नाहीत. ऐंशी झाल्यावर टाळ्या वाजवायला मुलांना मीच सांगितले होते.

मी गेलो तेव्हा मुलगा घरी नव्हता, वडील अंगणात होते. त्यांनी खाट टाकली, चहा करायला सांगितला आणि मी डावपेच समजावून सांगू लागलो, तर तो त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. आघाडीचे, थकलेल्या क्षेत्ररक्षकांचे, उन्हाचे त्यांना सगळे पटले. मग त्यांनी विचारले, ‘‘मास्तर, तुमचं बराबर हाये. पण पोराले आंधी सांगतलं होतं का तुमी?’’ मी नाही म्हणालो. त्यावर ते काही बोलले नाहीत. माझ्याकडे सांगण्यासारखे दुसरे काही नव्हते, म्हणून मी त्यांची आणि नंतर शेतातून आलेल्या मुलाचीही क्षमा मागितली. डाव घोषित केल्याबद्दल मागितली नाही, न सांगता केल्याबद्दल मागितली. हा फरक मुलाला कळला की नाही, ते मला सांगता येत नाही. तो मान खाली घालून ऐकत होता आणि निघताना त्याने माझ्या गाडीपर्यंत कपाशीच्या वाटेने सोबत केली. धावबाद झालेल्या मुलालाही मी दुसऱ्या दिवशी भेटलो. त्याला मात्र त्या धावेबद्दल जराही वाईट वाटलेले नव्हते, आपल्या मित्रासाठी आपण पळालो, एवढेच तो म्हणाला.

पुढच्या फेरीचा सामना येत्या आठवड्यात आहे. डाव कोणत्या षटकाला सोडायचा, ते आदल्या पेयपानाला कर्णधाराने ठरवायचे आणि खेळपट्टीवरील दोघांना बाराव्या खेळाडूमार्फत कळवायचे, मग कोणाच्या कितीही धावा झालेल्या असोत, असे मी काल सरावाच्या वेळी सर्व मुलांसमोर सांगितले. मंडपातून धावा ओरडायच्या नाहीत, हेही सांगितले. मुलगा काल आला नव्हता. आज सायंकाळी नेट लावत असताना तो सायकल घेऊन कुंपणाबाहेर उभा होता. मी हाक मारली नाही. मॅटिंग ताणून खिळे ठोकायला चार मुले लागतात आणि आज आम्ही तिघेच होतो, तेव्हा तो आत येऊन चौथ्या कोपऱ्याशी बसला.